शेजारची खुर्ची

राजघराण्यातल्या माणसांची चरित्रं लिहिण्यात त्याची हयात गेली. राणीची दाई असो की राजाचा ड्रायव्हर, प्रश्न तो विचारायचा आणि माणसं उत्तर द्यायची ती त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

सुरुवातीला तोही मान वळवून पाहायचा. पुढे ते अंगवळणी पडलं. थोरामोठ्यांबद्दल बोलताना लोक नजर चुकवतातच, अशी त्याने मनाची समजूत घातली.

आज शेवटचं चरित्र प्रकाशकाच्या हवाली करून तो घरी आला. बरंवाईट काहीच वाटत नव्हतं. तो नेहमीसारखा टेबलाशी बसला.

बायकोने चहाचा कप आणून शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि तिकडेच बघत ती हसली.

"दमलात ना? बरं झालं बाई, आज एकदाचे एकटे आलात. तो प्रश्न विचारणारा नाही आणलात सोबत."