दारातली फरशी

काका पुन्हा चौथ्या पावलाला थांबले. पलंगापासून तीन पावलं बरी पडत. स्वयंपाकघराच्या दारातली ती फरशी आली की उजवा पाय जमिनीला खिळायचा.

"काका, उचला पाय. फरफटत नेऊ नका," व्यायाम करून घ्यायला येणारी डॉक्टरीणबाई म्हणाली. मग काकूंकडे वळली. "अर्धांगाच्या झटक्याला सहा आठवडे झाले. आत्ता हालले तर हालले, नाहीतर कायमचा पलंग धरतील. तुम्ही पलीकडे उभ्या राहा बरं. तुमच्याकडे येतील."

काकू मागच्या दाराने वळसा घालून पलीकडे गेल्या. चहा, पेज, औषधं, सहा आठवडे सगळं त्याच वळशाने येत होतं. त्या फरशीवरून काकू जातच नसत.

काका न्हावी, पण जात्याच सोंगाडे. भाजी निवडायला सांगितली की छातीवर हात ठेवून "मेलो गं!" म्हणत खुशाल जमिनीवर आडवे व्हायचे. झटका आला त्या सकाळीही असेच दारात आडवे झाले. आत दूध उतू जात होतं. "उठा, पुरे झाली नाटकं," म्हणत काकू त्यांना ओलांडून गेल्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या, तेव्हा ते तसेच पडले होते. डोळे उघडे.

तो अर्धा तास काकूंनी डॉक्टरांना सांगितला नव्हता, लेकीलाही नाही. यांना काही आठवत नसेल, एवढ्याच आशेवर त्या दिवस ढकलत होत्या.

"या ना हो," त्यांनी हात पुढे केला.

काका फरशीकडे बघत राहिले. तिथे कुणी निजलंय आणि त्याला उठवायचं नाही, असे. मग वाकड्या ओठांतून एकेक शब्द ओढत म्हणाले, "वळसा... कशाला गं? त्या दिवशी... सरळ... ओलांडून गेलीस."

काकूंचा हात तसाच राहिला.

काकांनी डाव्या हातातल्या काठीवर भार दिला आणि उजवा पाय उचलला. चांगला वीतभर, खाली पडलेल्या माणसाला लागू नये इतका उंच. हळूच पलीकडे ठेवला.

"वा काका!" डॉक्टरीणबाईने टाळ्याच वाजवल्या. "अस्सा उचलायचा पाय! कुणी शिकवलं हो?"

काका अर्ध्या तोंडाने हसले.

"हिने."