थांबून कोसळणारं

“पण काकू, त्या गाण्याचं नाव काय?” डीजेवाल्या नुमानने तिसऱ्यांदा विचारलं.

“मी काय त्याच्या बारशाला जेवले व्हय?” अंजना म्हणाली. “थांबतंय आन् मग कोसळतंय ते. तेवढं लावू नको, बाबा. बाकी काय धिंगाणा घालायचा तो घाल.”

शिनोलीत सावळेरामाच्या दारी भरदुपारी हळदीचा मांडव गजबजला होता. मांडवाच्या तोंडाशी नुमानची गाडी, गाडीवर माणसाहून उंच स्पीकर. आणि मांडवामागचा बांध ओलांडला की अंजनाची पोल्ट्री. शेडात तीन हजार पक्षी, चाळीस दिवसांचे. उद्या सकाळी व्यापाऱ्याची गाडी येऊन उचलणार होती. एवढी आजची हळद निभावली की झालं!

सावळेराम तिचा चुलतदीर. सकाळीच ती त्याच्याकडे जाऊन आली होती. “कोंबड्यांपायी पोराची हळद मुकी करू का, वैनी?” एवढं बोलून तो आचाऱ्याकडे वळला. त्याचंही काय चुकलं म्हणा, एकुलतं एक पोर.

लोकांना वाटतं, डीजे म्हणजे डीजे, सगळा एकच धांगडधिंगा. अहो, तसं नसतं. मागच्या लॉटाला, म्हणजे आधीच्या पक्ष्यांच्या वेळी, गावात मिरवणूक आली तेव्हा अंजना शेडातच होती, म्हणून तिला कळलं. एक असतं ते ठप् ठप् एकसारखं चालतं. पक्षी आधी दचकतात, मग सरावतात आणि दाणे टिपायला लागतात. संबळाच्या ठेक्याचं असलं तर मानही वर करत नाहीत. भोंगे-शिट्ट्यांचं असलं की पाणी प्यायचं सोडतात. आणि एक मेलं असं असतं, की चढत जातं, चढत जातं आणि एकदम गप्प होतं. पक्षीही गप्प होतात. मग ते कोसळतं. कोसळलं की सगळे एका कोपऱ्यात धावतात आणि एकमेकांवर चढतात. ना रक्त, ना जखम. खालचे नुसते गुदमरतात. त्या दिवशी नवराबायकोने वरचे बाजूला करून खालचे बाहेर काढले, तेव्हा ते अजून गरम होते.

आजही तिचा नवरा, संपत, मघापासून शेडात कोपरा अडवून उभा होता. पण शेडाला कोपरे चार आणि संपत एक.

नुमान जुन्नरचा, पंचविशीतला. आजवर लोक त्याला फक्त “वाढव” म्हणत आले. गाण्यागाण्यात फरक करणारं माणूस त्याला आज पहिल्यांदा भेटलं होतं. तो खुललाच.

“काकू, थांबून कोसळणारी लई हायेत. हाऊस थांबतं, पण अलगद उतरतं. ट्रान्स लांबवर थांबतं. डबस्टेप कोसळलं की गुरगुरतं. ट्रॅपमधी नुसता बास आदळतो. तुमचं यातलं कोणतं?”

“गुरगुरतं का हसतं, मला काय ठावं! पक्षी मरत्यात त्याच्यानं. त्यापरीस थांबणारं कुठलंच लावू नको ना.”

“मग नाचायला काय राहिलं, काकू? गाडीसकट हाकलतील मला. तुम्ही एक सांगा, कसम, तेवढं गाळतो.”

त्याने तिच्या कानांवर हेडफोन चढवले. चार तुकडे ऐकवले. अंजनाने डोळे मिटून ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि हेडफोन काढून त्याच्या हातात दिले.

“ह्यात न्हाई कळत, लेका. तवा पायातनं कळलं व्हतं.”

नुमानने हेडफोन गळ्यात अडकवले. “मग असं करू. हळू आवाजात बाहेर लावतो. तुमचं ते आलं की हात वर करा. तिथल्या तिथं तोडतो.”

पोरगं खरंच जीव तोडून मदत करत होतं. नाही म्हणावं, तर मग आंधळेपणानेच वाजणार. अंजना मांडवाच्या मागच्या अंगाला, बांधाशी जाऊन उभी राहिली. चपला काढल्या.

पहिलं वाजलं. हे नव्हे. दुसरं वाजलं. हेही नव्हे. तिचा जीव जरा थाऱ्यावर आला.

तिसरं लागलं आणि तळव्यांना मुंग्या आल्या. हेच! अंजनाने हात वर केला.

“आवाज काय मेलाय का रे?” मांडवातून सावळेराम ओरडला. गाडीला रेलून उभ्या असलेल्या नवरदेवाच्या मामाने हात लांबवून बटण फिरवलं. नुमान त्याच्याकडे वळला तोवर जमीन हादरायला लागली.

“अगं बया, अंजना नाचतीय!” हळदीने माखलेली एक जाऊ किंचाळली, आणि सगळ्या मांडवाने हात वर केले. पिवळेच पिवळे हात. गाडीवरून नुमान टाचा उंचावून बघत होता. त्याला काकूंचा हात सापडेना.

“न्हाई! न्हाई!” अंजना ओरडली. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. ते चढत गेलं, चढत गेलं आणि एकदम थांबलं.

मांडवात सगळे हात वरच. बांधापलीकडे पक्षीही गप्प झाले. त्या शांततेत शेडातून संपतचा आवाज अगदी स्पष्ट आला.

“अंजे, झालं का गं बंद एकदाचं?”