रिकामा मजकूर

तीन आठवडे लेकीनं या कामापायी डोकं फोडून घेतलं होतं. सर्व्हरला फाइल न देता नुसता मजकूर द्यायचा आणि त्यानं त्यातूनच मॉड्यूल, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, उभं करून चालवायचं. आज दुपारी ते जमलं. तिनं मजकुरात लिहिलेलं "या, बसा" पडद्यावर उमटलं.

तिनं आईला हाताला धरून ओढत आणलं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेकीचा आनंद बघून ती हरखली. "परत बोलायला लाव ना त्याला," ती म्हणाली.

सात-आठ वेळा झालं. मग लेक म्हणाली, "आता गंमत बघ. मजकूर पुसला की हा चूक दाखवून गप्प बसेल."

तिनं मजकूर पुसला, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि काहीच न लिहिता पाठवलं.

"या, बसा," उत्तर आलं. "आईंनाही बसवा. मघापासून उभ्या आहेत."

त्या कॉम्प्युटरला ना कॅमेरा होता ना माइक.

आई मात्र खुदकन हसली. "बघ, तुझ्यापेक्षा यालाच जास्त कळतं," म्हणत खुर्ची ओढून बसलीसुद्धा.

लेकीनं कीबोर्डला हातही लावला नव्हता. खाली नवी ओळ उमटली, "आता कसं, सगळे बसलो."