डोळ्यांच्या उंचीवर

मुलांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर उतरा, असं पर्यवेक्षिका हर्यांतीबाईंनी शिक्षिकांच्या प्रशिक्षणात बजावलं होतं, आणि आज त्या स्वतःच तपासणीला येणार होत्या. त्यामुळे छोट्या दामारनं शेजारच्या पोरीच्या दंडाला कडकडून चावा घेतला, तरी जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या बालवाडीच्या एंदांगबाई ओरडल्या नाहीत. गुडघ्यांना शिव्या घालत त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या.

पण मोठ्यांच्या डोक्यापेक्षा आपलं डोकं वर ठेवायचं नाही, हे जावातलं पोर रांगतानाच शिकतं. दामार पटकन खाली बसला. बाईंनी मांडी घातली, तर तो बसल्याबसल्या पुढे वाकला. बाई कोपरांवर टेकल्या, तर हा पोटावर आडवा.

"अरे मेल्या, माझ्याकडे बघ ना!"

"आजी रागावते, बाई."

बाईही इरेला पेटल्या. त्यांनी सरळ गाल फरशीला लावला. बाई आडव्या आणि आपण उभे, हे बघून बाकीची पोरंही घाबरून पटापट लोळली.

"बाई," दामार कुजबुजला, "आता याच्याखाली जागा नाही."

तेवढ्यात दारात हर्यांतीबाई! त्यांनी फरशीवर पसरलेली पोरं पाहिली. मग हातात चपला घेऊन, चवड्यांवर मागे सरकत पुटपुटल्या, "अगंबाई, सगळी एकदम झोपवली! आणि स्वतःही त्यांच्यातच!"

 

एंदांगबाईंनी डोळे मिटले आणि त्या हळूच घोरायला लागल्या. दामारही घोरू लागला. अर्थात, बाईंपेक्षा खालच्या आवाजात.