दह्याचं बटण

"हा थंड का पडलाय?" आईने टॅबलेटच्या पाठीला हात लावून विचारलं.

मी फुशारलेच. तीन दिवस खपून त्या सतत तापणाऱ्या स्वस्तातल्या टॅबलेटचं कर्नेल, म्हणजे त्याला आतून चालवणारा मूळ प्रोग्रॅमच, मी बदलून टाकलं होतं. "आता तो कधीच तापणार नाही!"

आईने पातेलं माझ्यापुढे आदळलं. "नाशिकच्या थंडीत महिनाभर ह्याच्यावर ठेवून दही लावत होते मी. आज दूध तसंच्या तसं!"

मी पुन्हा कामाला बसले. नव्या कर्नेलमध्ये एक बटण दिलं: 'दही'. दाबलं की टॅबलेट सहा तास मुद्दाम तापतो. ते कर्नेल सगळ्यांसाठी इंटरनेटवरही टाकलं.

तासाभरात धुळ्याहून पहिला प्रश्न आला: "ताई, इडलीचं पीठ फुगेल का?"