आधी आक्काचा घास

क्रिस्टन गल्लीच्या तोंडाशीच थबकली. दोन्ही बाजूंच्या घरांची दारं सताड उघडी होती आणि घरोघरी माणसं जेवायला बसली होती. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. ना कुठे घंटा झाली होती ना भोंगा, तरी सगळी गल्ली एकाच वेळी जेवत होती.

नवरा हायवेवर भाड्याच्या गाडीचं चाक दुरुस्त करून घेत बसला होता, म्हणून ही दोन पोरांना घेऊन निपाणीत शिरली होती. किल्ले, राजवाडे सगळेच बघतात. हिला माणसं राहतात त्या गल्ल्या बघायच्या असत. वेड लागावं तर असं लागावं. सात वर्षांची आल्मा पुढे उड्या मारत होती. चार वर्षांचा एमिल मात्र कडेवर मान टाकून होता. पुण्याच्या एका हॉटेलात मिरचीनं तोंड पोळलं, तेव्हापासून तीन दिवस त्यानं चार बिस्किटांपलीकडे काही खाल्लं नव्हतं. घास समोर आला की ओठ घट्ट. डेन्मार्कहून निघताना कशालाच न भ्यालेली ही बाई आता मनातून पार घाबरली होती.

"आत या की! रस्त्यात कशाला उभ्या हायसा?"

पहिल्याच दारात ब्राह्मी आक्का नावाच्या एक आजी उभ्या होत्या. भाषा कळली नाही, पण हाताची खूण कळली. आत आक्कांची सून रूपाली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे पुढचं सोपं झालं.

"पोरगं का असं मलूल झालंय गं?"

रूपालीनं विचारून सांगितलं.

"तीन दिस?" आक्कांचं ताट वाढलेलं होतं. भाकरी, मुगाची आमटी, भात. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पदर खोचला. "थांबा म्हणावं. गुरगुट्या भात टाकते त्येला."

"आई, उन्हं चालली. आधी तुम्ही जेवून घ्या."

"व्हय गं व्हय. मूठभर भाताला कितीसा येळ लागतोय?"

मूठभर भातही शिजायचा तेवढा वेळ घेतोच. त्यावर तूप, चिमूटभर मीठ घालून आक्का ताटली घेऊन आल्या, तोवर समोरच्या पत्र्यावरचं ऊन गेलं होतं. आक्कांनी एकदा बाहेर बघितलं. रूपालीनं त्यांच्या ताटावर झाकण घातलं आणि दिवा लावला.

एमिलचे ओठ घट्टच. आक्कांनी मराठीत आर्जवं केली, मग कन्नडमध्ये केली, शेवटी असल्या हिंदीत केली की रूपालीला हसू आवरेना. पोरगं ढिम्म. मग अचानक त्यानं स्वतःच ताटलीत हात घातला, एवढासा घास केला आणि आक्कांच्या तोंडासमोर धरला.

"आधी तिनं खायचं," आल्मानं मोडक्या इंग्रजीत सगळ्यांना समजावून सांगितलं. "मग तो खाणार."

रूपालीचा चेहरा उतरला. गल्ली सगळी जैनांची, आणि आक्कांचा नेम तर एक्केचाळीस वर्षांचा होता. दिवस बुडाला की अन्न नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. तापानं फणफणल्या तरी औषधाची गोळी सकाळपर्यंत थांबायची. तिनं हळू आवाजात क्रिस्टनला ते सांगितलं. उद्या सकाळपर्यंत त्या आता काहीच घेणार नाहीत, हेही सांगितलं. क्रिस्टनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं घाईघाईनं पोराचा हात मागे ओढायला घेतला.

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाल्या.

पोराच्या कोपरापर्यंत तूप ओघळलं होतं. तरी तो हात खाली घेत नव्हता. आक्का पुढे वाकल्या. त्यांनी तोंड उघडलं.

"आई!" रूपाली जवळजवळ ओरडलीच.

आक्कांनी तोंड घासापाशी नेलं आणि घासाला ओठ न लावताच मिटलं. मग त्या चावू लागल्या. उगाच दाखवण्यापुरतं नाही. गाल फुगवून, जबडा हलवून, दाढेखालचा मिठाचा खडा शोधावा तसं सावकाश. मान वर करून त्यांनी आवंढा गिळला.

"लई ग्वाड झालाय."

एमिलनं हातात बघितलं. घास होता तसाच होता. त्यानं आक्कांकडे बघितलं. आणि पोरगं खदखदून हसलं. भातुकली काय फक्त निपाणीतच खेळतात? घरी त्यानं याच रीतीनं सगळी अस्वलं, दोन मांजरं आणि एक आजोबा जेवू घातले होते. तीन दिवसांत भेटलेलं हे पहिलंच शहाणं माणूस.

त्यानं तो घास स्वतःच्या तोंडात टाकला. मग दुसरा केला. आधी आक्कांना, मग स्वतःला. तिसरा. चौथा. दारात दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. क्रिस्टन जमिनीवर बसून सरळ रडत होती आणि ते लपवतही नव्हती. एवढा देश हिंडून तिला जे दिसलं नव्हतं ते या खोलीत दिसत होतं, मग लाजायचं कशाला?

ताटली पुसून निघत आली तशी क्रिस्टन रूपालीला म्हणाली, "यांच्या पोटात तर काहीच नाही. भूक लागली असेल हो. विचारा ना त्यांना."

रूपालीनं विचारलं.

आक्कांचा एक गाल फुगलेला होता. थांब, अशी त्यांनी हातानं खूण केली. सावकाश चावलं, गिळलं, पदरानं ओठ टिपले.

"जेवताना बोलू नये म्हणावं तिला."