एकच अट

"अक्षर लय देखणं हाय. कुठून आणलंस?"

अण्णासाहेब सुनेत्राच्या खुर्चीमागं उभे राहून पडद्यावरचा आपलाच अग्रलेख वाचत होते. विद्यापीठाच्या नामविस्ताराचं स्वागत करणारा. संध्याकाळी अंक छापायला जायचा होता.

परभणीतल्या त्या साप्ताहिकाच्या कचेरीत विंडोजवाला कॉम्प्युटर नुकताच आला होता. नारळ फुटला, मॉनिटरला हळदीकुंकू लागलं आणि जुन्या कॉम्प्युटरवरचा मराठीचा प्रोग्रॅम नव्यावर धड चालेना. अक्षरं एकीकडं, वेलांट्या भलतीकडं. शेवटी सुनेत्रानं खास विंडोजसाठी बनवलेला दुसरा प्रोग्रॅम फ्लॉपीवर आणला. फुकट.

"फुकट? मग काहीतरी खोट असंल."

"न्हाई. माझ्या वर्गातल्या नागनाथनं केलाय. पाहिजे त्यानं घ्या, दुसऱ्यालाबी द्या म्हणतो. अट एकच, उघडताना नाव येतं ते काढायचं न्हाई."

"बघू."

तिनं काम साठवलं, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला. ठळक अक्षरं उमटली: नागनाथ सुलाबाई, भीमनगर, परभणी.

अण्णासाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. नाव काही बदललं नाही.

"माणिकराव यायलेत संध्याकाळी कॉम्प्युटर बघायला," ते आवाज खाली आणून म्हणाले. "आपल्या पेपरचे आश्रयदाते. त्यांना पयलं हेच दाखवायचं? तेवढं नाव काढून टाक."

"अट सांगितली की तुमाला."

"त्याला कुठं कळायलंय? आन् अशी काय बघायलीस? मी जातपात मानतो का? मग हा अग्रलेख कुणासाठी लिहिलाय?"

सुनेत्राचं डोकं सणकलं. सकाळपासून तो अग्रलेख जुळवताना तिला या माणसाचा अभिमान वाटत होता. आता त्याचीच तिला चीड आली. ज्याच्या अक्षरांत समतेचे गोडवे गायचे, त्याचंच नाव पाहुण्यांसमोर झाकायचं. निर्लज्जपणालाही काही हद्द असते.

"नाव काढायचं तर सगळंच काढावं लागंल," ती म्हणाली.

"मग काढ! दुनियेत काय हा एकच प्रोग्रॅम हाय?"

तिनं काढला. फ्लॉपी पर्समध्ये टाकली, खुर्ची मागं ढकलली आणि उठली. अण्णासाहेबांनी घाईघाईनं स्वतःच अग्रलेख उघडला, तेव्हा पडद्यावर नुसते चौकोन आणि फुल्या दिसू लागल्या.

"अगं, हे काय? सुनेत्रा! अंक आज जायचाय!"

ती दारात वळली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिला गरज वाटली नाही.

"एका नावासाठी लोक सोळा वर्षं थांबले, अण्णासाहेब. तुमचा अग्रलेख आठ दिवस थांबंल."